आधी लेबल, मग नकाशा: दगडी घळींतल्या थिसलच्या हर्बेरियम नोंदी कशा तपासाव्यात

हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून जतन केलेल्या वनस्पतींच्या संग्रहांच्या, पोर्टलवरून नोंदी डाउनलोड करायच्या, अक्षांश-रेखांशाचे स्तंभ उचलायचे, नकाशावर ठिपके टाकायचे आणि त्याला ‘वितरण’ म्हणायचं. माझ्याकडे वाचायला येणाऱ्या कामांत हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो, आणि चूक या क्रमातच असते. ठिपका सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी झाड कोणतं, किती वेळा गोळा झालं आणि लेबलवर खरोखर काय लिहिलंय, हे ठरवावं लागतं.

हा लेख एकाच जातीला धरून लिहिला आहे: सिर्सियम रायडबर्गी, म्हणजे अल्कोव्ह थिसल. अमेरिकेतल्या दक्षिण उटाह आणि उत्तर ॲरिझोनाच्या वाळवंटी घळींची ही मूळ रहिवासी. थिसलला मराठीत नेमका शब्द नाही. आपल्याकडच्या माळावरची उत्कटारी त्याच कुळातली आणि त्याच गटातली, म्हणून काट्यांचा अंदाज तिच्यावरून करा. पण उत्कटारी कोरड्यात वाढते, आणि हे झाड वाळवंटात राहूनही पाण्याला चिकटून असतं. तिथल्या सच्छिद्र वालुकाश्मातून पाणी झिरपत खाली येतं, खालच्या घट्ट थराशी अडतं आणि कड्याच्या पोटातून पाझरतं. त्या ओल्या कपारींना तिकडे हँगिंग गार्डन म्हणतात. तिथे हंसराज असतो, अल्कोव्ह कोलंबाइन असते आणि मध्येच हातभर, कधी त्याहूनही लांब पानांचं हे थिसल उभं असतं. पन्नास पावलांवर रखरखीत खडक. ही पन्नास पावलं लक्षात ठेवा. पुढची सगळी काटेकोर मेहनत त्यांच्यासाठीच आहे.

## तयारी: डाउनलोडचं बटण दाबण्याआधी

चार गोष्टी हाताशी ठेवा.

पहिली, उत्तर अमेरिकेतल्या वनस्पतींचा संदर्भग्रंथ असलेल्या फ्लोरा ऑफ नॉर्थ अमेरिकाचा १९ वा खंड (२००६). त्यातलं सिर्सियमचं प्रकरण डेव्हिड कील यांचं आहे. जातींची किल्ली (खुणांवरून जात ओळखण्याची क्रमवार यादी) आणि जुन्या नावांच्या यादीसाठी ते उघडं असू द्या.

दुसरी, तिथले जुने टोपो, म्हणजे उंच-सखलपणा दाखवणारे, नकाशे. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या टोपोव्ह्यू संकेतस्थळावर ते मोफत मिळतात. १:२४,००० चे घ्या, आणि जुन्या नोंदींसाठी १:६२,५०० चेही. नवे नकाशे पुरत नाहीत. त्याचं कारण सातव्या टप्प्यात येईल.

तिसरी, एक कोरी वही किंवा साधी टेक्स्ट फाइल. घेतलेला प्रत्येक निर्णय तारखेसह त्यात लिहा. सहा महिन्यांनी ‘ही नोंद मी का वगळली?’ हा प्रश्न तुम्हालाच पडतो आणि उत्तर आठवत नाही.

चौथी गोष्ट वेळ. या जातीच्या नोंदी हजारोंनी नाहीत. एकेक शीट, म्हणजे वाळवलेलं झाड आणि लेबल चिकटवलेला कागद, डोळ्यांनी बघणं शक्य आहे, म्हणूनच ते टाळायला सबब नाही.

## टप्पा १: नावांची यादी करा

फक्त आजच्या नावानं शोध घेतला तर जुन्या नोंदी हातून निसटू शकतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ हीच झाडं कधी नायकस, तर कधी कार्डुअस या प्रजातींत टाकत. ज्यांचं नाव या जातीला आहे ते वनस्पतिशास्त्रज्ञ रायडबर्गही थिसलांना कार्डुअस म्हणत असत. म्हणून जुन्या लेबलवर ‘कार्डुअस’ दिसलं की ते परदेशातून आलेलं मस्क थिसल (आजही कार्डुअस म्हणवणारं) असं समजू नका. तो त्या काळचा प्रघात होता.

जातींच्या सीमाही हलल्या आहेत. कॅन्यन डी शेच्या परिसरातलं सिर्सियम चेलीएन्से पूर्वी स्वतंत्र जात होतं. कील यांनी २००६ च्या त्या खंडात ते सिर्सियम ॲरिझोनिकमचा एक प्रकार मानलं, आणि सिर्सियम रॉथरॉकीचंही तसंच केलं. तुमची जात रायडबर्गी असली तरी शेजारच्या या नावांखाली चुकून ठेवलेल्या शीट असू शकतात, आणि उलटही. शोधात सगळी नावं घ्या. गाळणी नंतर लावता येते.

तपासणी: पोर्टलवर समानार्थी नावं आपोआप धरण्याची सोय असते. तिच्यावर विसंबू नका. ती सुरू ठेवून एकदा आणि बंद ठेवून एकदा शोध घ्या, आणि फरक कुठल्या नावांमुळे पडला ते वहीत लिहा.

## टप्पा २: नोंदी उतरवा, आणि मूळ फाइलला हात लावू नका

या भागासाठी सगळ्यात उपयोगी पोर्टल एसईआयनेट, अनेक हर्बेरियमचं सामाईक. ॲरिझोना स्टेट विद्यापीठ, टक्सनचं ॲरिझोना विद्यापीठ, फ्लॅगस्टाफचं नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठ इथल्या हर्बेरियमच्या शीट त्यात आहेत. उटाहसाठी प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचं आणि लोगनच्या उटाह स्टेट विद्यापीठाचं इंटरमाउंटन हर्बेरियम तपासल्याशिवाय काम पुरं होत नाही. जीबीआयएफ आणि आयडिगबायो या मोठ्या एकत्रित पोर्टलांवरूनही उतरवा, पण तिथल्या पुष्कळ नोंदी याच संग्रहांच्या असतात हे मनात असू द्या.

जीबीआयएफवर ‘जतन केलेला नमुना’ हा निकष लावा. नाहीतर फोनवरून टाकलेली निरीक्षणं त्यात मिसळतात. अशी निरीक्षणं जिथे टाकतात त्या आयनॅचरलिस्टवर ज्या निरीक्षणांची जागा मुद्दाम झाकलेली असते, तिथे ०.२ अंशांच्या चौकोनातला कुठलाही एक बिंदू दाखवलेला असतो. म्हणजे वीसेक किलोमीटर इकडेतिकडे. घळींच्या मुलखात एवढ्या अंतरात तीन वेगळी खोरी येतात.

फाइल उतरली की तिची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, नावात तारीख घाला आणि ती ‘फक्त वाचण्यासाठी’ करून टाका. सगळं काम दुसऱ्या प्रतीवर करा.

सावधान: सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडू नका. बारकोडच्या सुरुवातीची शून्यं उडतात, लांब आकडे घातांकात बदलतात, तारखा परस्पर फिरतात. ‘इम्पोर्ट’मधून जा, सगळे स्तंभ ‘टेक्स्ट’ ठेवा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा.

## टप्पा ३: एका वेचणीची एकच ओळ करा

संग्राहक एका झाडाचे किंवा एका घोळक्यातल्या झाडांचे चार-पाच नमुने घेतो आणि वेगवेगळ्या हर्बेरियमना एकेक पाठवतो. शीट पाच, पण वेचणी एक. मी पहिल्यांदा असा नकाशा केला तेव्हा एका कपारीतलं एकच झाड चार ठिपके होऊन बसलं होतं. चारही ठिकाणी अक्षांश-रेखांश वेगवेगळ्या माणसांनी काढले होते, म्हणून ते एकमेकांवर पडले नाहीत आणि मला ते चार ठिकाणांसारखे दिसले.

संग्राहकाचं आडनाव, त्याचा क्रमांक आणि तारीख या तीन गोष्टी जुळल्या की वेचणी एक. जिथे क्रमांकच नाही, लेबलवर नुसतं ‘एस. एन.’ (म्हणजे ‘क्रमांकाविना’) आहे, तिथे तारीख आणि ठिकाणाचं वर्णन शब्दशः जुळवा. आडनावांत स्पेलिंगचे फरक असतात, दोन संग्राहकांची नावं उलटसुलट लिहिलेली असतात. म्हणून हे काम सॉफ्टवेअरवर न सोडता यादी आडनावानं आणि मग तारखेनं लावून डोळ्यांनी करा.

हे थिसल मोठं असल्यामुळे आणखी एक गंमत… गंमत नव्हे, अडचण आहे. एकच झाड दोन-तीन शीटवर पसरलेलं असतं: एकीवर खालचं पान, दुसरीवर शेंडा. कोपऱ्यात ‘शीट १ पैकी २’ अशी खूण असते आणि प्रत्येकीला वेगळा बारकोड असतो. हीसुद्धा एकच नोंद.

जादा शीट पुसून टाकू नका. एका स्तंभात वेचणीला तुमचा क्रमांक द्या आणि सगळ्या शीट त्याखाली ठेवा. पुढे त्या साक्षीदारासारख्या कामी येतात: एका हर्बेरियमनं लेबल नीट टाइप केलेलं असतं, दुसऱ्यानं छायाचित्र चांगलं काढलेलं असतं, तिसरीवर तज्ज्ञाची ओळखचिठ्ठी चिकटवलेली असते.

## टप्पा ४: झाड तेच आहे का?

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो. नाव छापलेलं आहे म्हणून ते बरोबर आहे असं धरून चालतात. थिसलांच्या बाबतीत हे महाग पडतं. मूळ थिसल आणि उपद्रवी परदेशी थिसल यांची गल्लत झाली की मूळ झाडांवर तणनाशक फवारलं जातं. मस्क थिसल आटोक्यात आणण्यासाठी रायनोसायलस कोनिकस हा भुंगा अमेरिकेत १९६९ पासून सोडला गेला, आणि पुढे तो मूळ सिर्सियमच्या बियाही खाताना आढळला. कुठलं थिसल कुठे आणि कधी होतं, याचा पुरावा या शीटच आहेत. तो पुरावा चुकीच्या नावाखाली असेल तर पुढचं सगळं गणित चुकतं.

छायाचित्र पूर्ण आकारात उघडा आणि या क्रमानं बघा.

ओळखचिठ्ठ्या. मूळ लेबलशिवाय शीटवर नंतरच्या चिठ्ठ्या असतात. शेवटची कोणाची आहे, कोणत्या वर्षाची आहे? सिर्सियमवर काम केलेल्या माणसाची चिठ्ठी आणि गर्दीच्या वर्गात एखाद्यानं लावलेलं नाव यांत फरक करा. नावाआधी ‘सीएफ.’ किंवा ‘एएफएफ.’ असेल तर ती शंका आहे. डाउनलोडमध्ये ही अक्षरं वेगळ्या स्तंभात जातात, म्हणून नावाचाच स्तंभ बघणाऱ्याला ती दिसत नाहीत.

स्तबक. झेंडूसारखं, अनेक फुलांनी मिळून झालेलं जे एक ‘फूल’ दिसतं ते. त्याच्या बुडाशी खवल्यांसारखी काटेरी छदं असतात. ती बाहेर वळलेली आहेत का, काटा किती लांब आहे, हे पट्टीशी मोजा. छायाचित्रात मोजपट्टी असते. थिसलचं स्तबक जाड असल्यामुळे दाबताना ते एका अंगाला चपटं होतं आणि छदं मोडतात. एका स्तबकावरून निष्कर्ष काढू नका, शीटवरची सगळी बघा.

बियांवरचे तंतू. रुईची म्हातारी आठवा. सिर्सियमच्या बीवरचे तंतू पिसासारखे असतात, प्रत्येकाला बारीक फाटे असतात. खऱ्या कार्डुअसचे तंतू सरळ असतात, त्यांवर फक्त खरखरीत दाते असतात. चांगल्या छायाचित्रात हे मोठं करून दिसतं. या एका खुणेनं मस्क थिसल वेगळं पडतं.

पान आणि खोड. खोडावर काटेरी पंखांसारख्या पट्ट्या खाली उतरलेल्या आणि पानाच्या वरच्या अंगावर टोचणारे राठ केस असतील तर ते बहुधा सिर्सियम व्हल्गेर, म्हणजे बुल थिसल. ते परदेशी आहे. झाड पांढुरकं लोकरी, लांब देठावर एकेकटं मोठं स्तबक आणि फूल पांढरं ते फिकट जांभळं असेल तर कोरड्या उतारांवरच्या सिर्सियम निओमेक्सिकॅनमची शक्यता बघा. रायडबर्गीच्या खुणा म्हणजे पाझराची जागा आणि मुळाशी असलेली प्रचंड पानं. मात्र नेमकी तीच पानं शीटवर मावत नाहीत म्हणून पुष्कळदा घेतलेली नसतात. पान नसलेल्या शीटवर शिक्का मारण्याआधी लेबलवर ‘पानं ६० सेंमी’ असं काही लिहिलंय का ते शोधा.

रंग. वाळल्यावर रंग उडतो. शीटवरच्या तपकिरी फुलावरून काही ठरवू नका. लेबलवर संग्राहकानं लिहिलेला रंगच पुरावा.

प्रत्येक वेचणीला तीनपैकी एक शेरा द्या: ‘मी पाहून पटलं’, ‘तज्ज्ञाची चिठ्ठी आहे, छायाचित्र नाही’, ‘शंका’. शंकेच्या नोंदी फेकू नका. त्यांची छायाचित्रं हर्बेरियमकडे मागा. नुसतं ‘फोटो पाठवा’ न म्हणता बारकोड द्या आणि स्तबकाचा जवळून फोटो हवा असं सांगा. माणसं मदत करतात.

## टप्पा ५: लेबल अक्षर न अक्षर वाचा

पोर्टलवरचा मजकूर हा लेबलचा कोणीतरी टाइप केलेला उतारा आहे. छायाचित्राशी ताडून बघा. इथे आपल्याकडच्या वाचकाला दोन खड्डे खास लागतात.

पहिला तारखेचा. अमेरिकी लेबलवर ५/६/१९६१ म्हणजे ६ मे. आपण सवयीनं ५ जून वाचतो. दिवस १२ पेक्षा मोठा असेल तर चूक लगेच उघडी पडते, लहान असेल तर कधीच कळत नाही. रोमन अंकांत महिना लिहिण्याची पद्धतही होती: ‘६ व्ही १९६१’ यात ‘व्ही’ म्हणजे मे. फुलोऱ्याचा काळ काढणार असाल तर ही एक चूक पूर्ण महिन्याची होते.

दुसरा खड्डा रेखांशाच्या चिन्हाचा. भारतात रेखांश पूर्व, म्हणून अधिक. आपल्याला उणे लिहिण्याची सवयच नसते. उटाहचा उणे ११०.८ अधिक झाला की ठिपका चीनमध्ये, पिवळ्या नदीच्या आसपास पडतो. तो निदान दिसतो तरी. अंश-मिनिटांची गल्लत दिसतसुद्धा नाही: ३७ अंश ३० मिनिटं म्हणजे ३७.५, पण कोणी ३७.३० टाइप केलं तर ठिपका २२ किमी दक्षिणेला, तितक्याच खऱ्या वाटणाऱ्या एका घळीत जाऊन बसतो.

ठिकाणांची नावंही फसवतात. सान हुआन नावाची काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) उटाहत आहे, कोलोरॅडोत आहे आणि न्यू मेक्सिकोतही आहे. ग्रँड काउंटी उटाह आणि कोलोरॅडो दोन्हीकडे. १९२१ पूर्वीच्या लेबलवर ‘ग्रँड रिव्हर’ असेल तर ती आजची कोलोरॅडो नदी, ग्रीन नदीच्या संगमाच्या वरची. त्या वर्षी तिचं नाव बदललं. ‘एस्कलान्टे’ गावही आहे आणि नदीही. ‘कॉटनवुड कॅन्यन’ किती असतील याची गणती करत बसू नका. काउंटी, उंची आणि त्याच दिवशीच्या इतर वेचण्या यांवरून नेमकी कोणती ते ठरवा.

ही शेवटची युक्ती फार मोलाची आहे. संग्राहकाचं नाव आणि तारीख टाकून त्या दिवशी त्यानं गोळा केलेली बाकीची झाडंही शोधा. क्रमांक १४२ चं लेबल मोघम असतं, पण १४१ आणि १४५ वर घळीचं नाव आणि मैल स्पष्ट लिहिलेले सापडतात. माणूस एका दिवसात चालून किंवा होडीनं किती लांब गेला असेल, हेही त्यातून दिसतं.

नदीतून केलेल्या प्रवासांत ठिकाण ‘माइल’मध्ये असतं. कोलोरॅडो नदीवरची लीज फेरी ही जागा म्हणजे शून्य माइल. तिथून खाली ग्रँड कॅन्यनमध्ये माइल मोजतात, आणि ग्लेन कॅन्यनमध्ये तिथूनच वर, प्रवाहाच्या उलट दिशेनं. म्हणून ‘माइल १४’ वाचलं की आधी विचारा, वर की खाली?

तपासणी: उंची फुटांत आहे की मीटरमध्ये? १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. पोर्टलवरच्या मीटरच्या स्तंभात ४,००० दिसलं तर छायाचित्र उघडा. ते बहुधा फूट असतात.

## टप्पा ६: आता अक्षांश-रेखांश

जुन्या लेबलवर ते नसतातच. पोर्टलवर दिसतात ते नंतर कोणीतरी काढलेले असतात. म्हणून प्रत्येक जोडीला दोन प्रश्न विचारा: कोणी आणि कशावरून काढले, आणि चूक किती मीटरपर्यंत असू शकते? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे अनिश्चिततेची त्रिज्या, नसेल तर ती जोडी अपुरी आहे. दशांशानंतर सहा आकडे आहेत म्हणून ती अचूक होत नाही.

सान हुआन काउंटी, उटाह, हिचं क्षेत्र २०,००० चौरस किमीच्या वर आहे, म्हणजे पुणे जिल्ह्यापेक्षा मोठं. लेबलवर नुसतं काउंटीचं नाव असलेल्या नोंदीला कोणी काउंटीच्या मध्याचा बिंदू दिला असेल तर तो ठिपका नकाशावर इतरांसारखाच दिसतो. त्याला अर्थ काहीच नसतो.

स्वतः बिंदू काढताना लेबलचा प्रकार ओळखा.

टाउनशिप-रेंज-सेक्शन, म्हणजे अमेरिकी जमीनमोजणीचे चौकोन, असतील तर (उदाहरणार्थ ‘टी ४० एस, आर १० ई, सेक. १६’): टाउनशिप हा ६ बाय ६ मैलांचा चौकोन, त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक १ मैल बाय १ मैल. मोजणी ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन नागमोडी जाते. सेक्शनचा मध्य धरला तर अनिश्चितता सुमारे १.१ किमी; फक्त टाउनशिप दिली असेल तर ६.८ किमी. उटाह आणि ॲरिझोनाची मोजणी वेगवेगळ्या मूळ रेषांवरून होते, म्हणून राज्य आधी पक्कं करा.

‘ब्लफ (उटाहमधलं गाव) च्या उत्तरेला ५ मैल’ असं असेल तर: हे सरळ अंतर की रस्त्यानं? आणि ‘उत्तर’ एवढंच म्हटलंय तर दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत मोकळीक राहते. ८ किमी अंतराला त्यातून ६ किमीची अनिश्चितता येते. रस्त्यानं असेल तर त्या वर्षीच्या नकाशातला रस्ता घ्या, आजचा महामार्ग नव्हे.

जीपीएसचे आकडे असतील तर: डेटम, म्हणजे ते आकडे ज्या संदर्भचौकटीवर मोजले ती, बघा. १९२७ चा उत्तर अमेरिकी डेटम आणि आजचा डब्ल्यूजीएस ८४ यांत या भागात अक्षांश-रेखांशाच्या हिशेबात साधारण ६० ते ८० मीटरचा फरक पडतो, यूटीएममध्ये (मीटरमध्ये जागा सांगण्याच्या पद्धतीत) सुमारे २०० मीटर उत्तर-दक्षिण. ६० मीटर म्हणजे कड्याचा माथा की कपारीचं पोट, एवढा फरक.

पोर्टलमध्ये जिओलोकेट हे साधन जोडलेलं असतं. ते एका क्षणात बिंदू सुचवतं. सूचना घ्या, पण गावाच्या नावावरून तो बिंदू गावाच्या चौकात पडला असेल तर हातानं हलवा.

तपासणी: काढलेल्या बिंदूची उंची नकाशावरून वाचा आणि लेबलवरच्या उंचीशी ताडा. सपाट मुलखात ही तपासणी फारसं काही सांगत नाही, घळीत सगळं सांगते. लेबल म्हणतं ३,८०० फूट आणि बिंदू पठारावर ५,२०० फुटांवर, तर बिंदू चुकला. शंभर फुटांचा फरक चालतो. संग्राहकांनीही उंची पुष्कळदा नकाशावरून अंदाजानंच लिहिलेली असते.

## टप्पा ७: ती जागा आज आहे का?

कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे मार्च १९६३ मध्ये बंद झाले. त्यामागचा जलाशय, लेक पॉवेल, १९८० मध्ये पहिल्यांदा पूर्ण भरला. भरलेल्या जलाशयाची पातळी ३,७०० फूट. त्या पातळीखालच्या बाजूच्या घळी, त्यांतले पाझर आणि हँगिंग गार्डन पाण्याखाली गेले. धरणाआधी तिथे वनस्पतींचं सर्वेक्षण झालं होतं, म्हणून तिथल्या शीट आहेत; काही कपारींबद्दल वनस्पतींचा लेखी पुरावा म्हणून तेवढंच उरलंय.

म्हणून ग्लेन कॅन्यनमधल्या १९६३ पूर्वीच्या प्रत्येक नोंदीसाठी धरणाआधीचा टोपो नकाशा उघडा. नव्या नकाशात तिथे फक्त निळा रंग असतो, घळीचं नाव असलंच तर खाडीचं नाव होऊन आलेलं असतं. उंची ३,७०० फुटांखाली असेल तर ‘बुडालेली’ असा शेरा द्या. ‘नष्ट’ लिहू नका. अलीकडच्या दुष्काळी वर्षांत जलाशय खूप खाली गेला आणि काही घळी पुन्हा उघड्या पडल्या. तिथे काय परत आलं, ते जाऊन बघितल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

आणि ‘लेक पॉवेल’ हे ठिकाण टाकून १९५० च्या दशकातली एखादी नोंद दिसली, तर ते नाव नंतर कोणीतरी घातलेलं आहे. मूळ लेबल शोधा.

## टप्पा ८: नकाशा

आता ठिपके टाका, प्रत्येकाभोवती त्याच्या अनिश्चिततेचं वर्तुळ काढून. शंकेच्या ओळखीला पोकळ खूण, बुडालेल्या जागेला वेगळी.

हवामानाच्या थरांवरून अधिवासाचं मॉडेल करणाऱ्यांना कळकळीनं सांगतो: एक किलोमीटरच्या चौकोनात कड्याचा माथा, उन्हातली भिंत आणि सावलीतली ओली कपार यांची सरासरी होते. अल्कोव्ह थिसल त्या सरासरीत राहत नाही. मॉडेल त्याला वाळवंटी पठार ‘योग्य’ म्हणून दाखवेल, आणि ते उत्तर सुबक दिसलं तरी खोटं असेल. पाझर आणि खडकाचे थर यांचे नकाशे नसतील तर मॉडेल करू नका. तपासलेली यादीच द्या.

रिकाम्या जागेलाही ‘नाही’ म्हणू नका. गोळा करणारे रस्त्यानं आणि नदीनं गेले. ज्या घळीत दोर लावून उतरावं लागतं, तिथली शीट नसणं म्हणजे झाड नसणं नव्हे. त्याच घळीतून हंसराज किंवा कोलंबाइन गोळा झालंय का ते बघा. झालं असेल आणि थिसल नसेल, तर त्या ‘नाही’ला थोडं वजन येतं.

सावधान: पाझराच्या नेमक्या जागा जाहीर नकाशावर देऊ नका. या बागा पायाखाली पटकन तुडवल्या जातात. हर्बेरियमनं एखाद्या नोंदीची जागा झाकली असेल तर इतर शीटवरून ती शोधून छापू नका. यांतली पुष्कळ जमीन नावाहो नेशनची, म्हणजे नावाहो आदिवासींच्या स्वशासित प्रदेशाची, आहे, काही राष्ट्रीय उद्यानांची. तिथे जाऊन गोळा करायचं असेल तर त्यांची परवानगी आधी हवी, आणि ती मिळायला वेळ लागतो हे वेळापत्रकात धरा.

## टप्पा ९: दुरुस्ती परत पाठवा

तुम्हाला सापडलेली चूक तुमच्या फाइलपुरती राहिली तर पुढचा विद्यार्थी तीच पुन्हा उतरवून घेईल. पोर्टलवर प्रत्येक नोंदीखाली शेरा लिहिण्याची सोय असते, नाहीतर त्या हर्बेरियमच्या व्यवस्थापकांना ईमेल करा. ‘तुमच्या डेटात चुका आहेत’ अशी सुरुवात नको. बारकोड, पोर्टलवर काय आहे, लेबलच्या छायाचित्रात काय आहे, तुमचं म्हणणं आणि ते कशावरून, एवढं प्रत्येक नोंदीला दोन ओळींत लिहा. ओळख बदलायची असेल तर स्तबकाचा आणि बियांच्या तंतूंचा मोठा केलेला भाग सोबत जोडा.

स्वीकारलेली दुरुस्ती आधी त्या हर्बेरियमच्या पोर्टलवर दिसते आणि जीबीआयएफवर पोचायला आणखी वेळ घेते. तोवर तुमच्या फाइलमध्ये त्या ओळीपुढे ‘कळवलं’ आणि तारीख लिहा. प्रबंध देण्याच्या महिनाभर आधी पुन्हा एकदा सगळं उतरवून घ्या आणि कुलूपबंद ठेवलेल्या पहिल्या फाइलशी बारकोडनिशी ताडा. मधल्या काळात नव्या शीटची छायाचित्रं चढलेली असतात, आणि ‘शंका’ म्हणून बाजूला ठेवलेल्या एखाद्या नोंदीवर नवी ओळखचिठ्ठी लागलेली असते.